रातांबे

आमच्या घरात कोकम नव्हतं.
काळाचौकीतलं मालवणी घर, आणि कोकम नाही,
म्हणजे कोळ्याच्या घरात जाळं नाही, असं घाडीकाकू म्हणत.
बांगड्याला चिंच, तिरफळं, कधी कैरीची फोड.
सोलकढी प्यायची ती दुसऱ्यांच्या लग्नात,
तीही आईची पाठ वळल्यावर.

कारण मी.
म्हणजे माझा डावा गाल:
डोळ्याखालून सुटलेला, ओठाचा कोपरा सोबत घेऊन
मानेपर्यंत उतरलेला जांभळट लाल डाग.
आईला पाचवा महिना होता.
भाऊच्या धक्क्याला गावच्या बोटीतून रातांब्यांचं पोतं आलं,
एक दिवस ठेवलं असतं तर नासलं असतं.
तिने फोडायला घेतलं. त्या दुपारी ग्रहण होतं.
सासू झोपली होती. आईने हात धुतले
आणि कुणाला सांगितलं नाही.
मी जन्मले तेव्हा सांगायची गरजच उरली नाही.

शाळेत मला नकाशा म्हणत.
भूगोलाच्या बाईंनी एकदा खरंच विचारलं,
कुठला गं देश? वर्ग हसला.
मीही हसले, उजव्या बाजूने.
स्टुडिओवाला निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून
मला दोन सारखे गाल द्यायचा, दहा रुपये जास्त घेऊन.
ते फोटो बघून तिघे आले. चहा पिऊन गेले.
ओळखीच्या खुणेचा रकाना मात्र
रांगेत सगळ्यांत आधी माझा भरतो.
आणि एका धुळवडीला करी रोडच्या पुलावर
एका म्हाताऱ्याने रुमाल पुढे केला: पोरी, रंग राहिलाय.
मी घेतला. पुसल्यासारखं केलं. परत दिला.
वर्षातला तो एक दिवस मला फार आवडतो.

सत्तेचाळिसाव्या वर्षी डागावर दाणे उठले.
ओठाजवळचा एक दात घासताना फुटला, बेसिन लाल.
परळचं सरकारी इस्पितळ, खोली नंबर सतरा.
आई हट्टाने सोबत, पिशवीत पाण्याची बाटली
आणि कुठल्याशा वैद्याची पिवळी पडलेली चिठ्ठी.
डॉक्टर लोटलीकर, माझ्या भाचीच्या वयाची, म्हणाली,
दाणे काढू. लेझरने रंगही फिका होईल थोडा,
सगळा जाणार नाही, खोटं कशाला सांगू.
मग काचेची एक पट्टी घेतली
आणि माझ्या गालावर दाबून धरली.

रक्त बाजूला सरलं असावं.
मला काय दिसणार? मला आई दिसली.
स्टुलावरून अर्धी उठलेली, तोंड उघडं,
काचेखालच्या दोन बोटं रुंद
भलत्याच कुणा मुलीकडे बघत.
पट्टी उचलली. मी परत आले.

बारीक रक्तवाहिन्या असतात, डॉक्टर म्हणाली,
या आखडायला शिकल्याच नाहीत, पोटात असल्यापासून.
कुणी काही केल्याने होत नाही हे.
चिरल्याने? आईने विचारलं.
नाही.
फोडल्याने?
आजी, कशानेच नाही.
आईने पदर सारखा केला. म्हणाली,
परत एकदा सांगा, मला कमी ऐकू येतं.
शेजारणीच्या फोडणीचा आवाजही ऐकते ती.
डॉक्टरने परत सांगितलं.

बसमध्ये मला वाटलं, रडेल.
ती तिकिटाची घडी घालत बसली,
घडीवर घडी, तांदळाएवढी होईपर्यंत.
लालबाग आलं तशी उठली. चल, उतर.
मसाल्याच्या गल्लीत अर्धा तास घासाघीस करून
पाव किलो आमसुलं घेतली, वरून मूठभर मागून.

संध्याकाळी सार केलं.
हात विसरला होता तिचा; दात आंबले, डोळे मिटले.
मीठ कमी पडलंय, एवढंच ती म्हणाली.
तिची बोटं लाल झाली होती.
धुतली नाहीत लगेच,
तशीच बसून राहिली, हात मांडीवर उताणे ठेवून.

लेझरची तारीख बारा.
जाईन. किंवा दाण्यांपुरतीच जाईन.
अजून ठरलेलं नाही.